वेड्यावाकड्या मेशवर व्हेक्टर फील्डची फोड: ग्रेडियंट, भोवरे आणि मागे उरणारं हार्मोनिक

जाळीदार

मेशवरच्या (छोट्या तुकड्यांच्या जाळीवरच्या) व्हेक्टर फील्डची, म्हणजे जागोजागी दिशा आणि जोर सांगणाऱ्या बाणांची, फोड हा विषय कागदावर दोन ओळींचा वाटतो. कुठलंही फील्ड घ्या, त्याचे तीन भाग पडतात. एक ग्रेडियंटचा, म्हणजे पोटेन्शियल नावाच्या उंचीसारख्या आकड्याच्या चढाचा, ज्याला कर्ल (फिरकी) नाही. दुसरा गोलगोल फिरणारा, ज्याला डायव्हर्जन्स (बाहेर पसरणं) नाही. आणि तिसरा हार्मोनिक, ज्याला दोन्ही नाही, आणि बंद पृष्ठभागावर तो फक्त आकाराला आरपार बोगदे असतील तरच असतो. हेल्महोल्ट्झने १८५८ मध्ये भोवऱ्यांवर लिहिताना प्रवाहाकडे असं बघितलं, हॉजने पुढच्या शतकात तेच कुठल्याही मितीच्या वक्र जागांवर नेलं. ग्राफिक्समध्ये आपण हे रोज वापरतो, स्टॅमच्या १९९९ च्या फ्लुइड सॉल्व्हरमधली प्रोजेक्शनची पायरी म्हणजे याच फोडीतला ग्रेडियंट काढून टाकणं, बाकी काही नाही.

चौकोनी ग्रिडवर सगळं सुरळीत चालतं. त्रिकोणांच्या मेशवर, तीही स्कॅनमधून आलेली, कुठे इवलेसे त्रिकोण कुठे लांबलचक सळया, अशा मेशवर लोक फोड करायला जातात आणि बेरीज जुळत नाही, मग म्हणतात मेश खराब आहे, रीमेश करा. माझं ठाम मत आहे की बहुतेक वेळा दोष मेशचा नसतो. आपण फील्डचे आकडे कुठे ठेवले आणि पोटेन्शियलचे कुठे, त्या दोन जागा एकमेकींना शोभतात का, यावर सगळं ठरतं. सतत गणितात जे तीन भाग काटकोनात असतात ते मेशवर आपोआप तसे राहत नाहीत, तशी जागा निवडावी लागते. एकदा ती निवडली की मेश कितीही वाकडी असो, फोड तंतोतंत होते, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. अचूकता कमी-जास्त होईल, पण फोड मोडणार नाही. तुमचे अनुभव आणि अडचणी लिहा.

शेडर_शिकाऊ

अगदी वेळेवर धागा आला. माझ्याकडे बंद मेश आहे, एका डोक्याचं मॉडेल, बोगदा वगैरे कुठेच नाही, म्हणजे जीनस (बोगद्यांची संख्या) शून्य. प्रत्येक त्रिकोणावर एक व्हेक्टर आहे, केस कुठल्या दिशेने बसवायचे त्यासाठी. ग्रेडियंट काढायला व्हर्टेक्सवर (त्रिकोणांच्या कोपऱ्यांवर) एक पोटेन्शियल सोडवलं, कर्लचा भाग काढायला व्हर्टेक्सवरच दुसरं पोटेन्शियल सोडवून त्याचा ग्रेडियंट ९० अंशात फिरवला. दोन्ही वजा केले तरी बरंच काही उरतंय. थिअरीप्रमाणे गोलासारख्या आकारावर हार्मोनिक शून्य हवं ना? मेश बारीक करून पाहिली, उरलेलं कमी होतं पण जात नाही. दोन्ही सॉल्व्ह नीट होतायत हे तपासलंय.

जाळीदार

सॉल्व्ह बरोबरच असतील, मी वर म्हटलं तेच इथे घडतंय. नुसतं मोजून बघा.

समजा मेशमध्ये १००० व्हर्टेक्स आहेत. बंद आणि जीनस शून्य, म्हणजे ऑयलरच्या सूत्राने १९९६ त्रिकोण आणि २९९४ एजेस (त्रिकोणांच्या कडा). प्रत्येक त्रिकोणावर त्याच्या प्रतलातला एक व्हेक्टर म्हणजे दोन आकडे, तर तुमचं फील्ड ३९९२ आकड्यांचं झालं. आता व्हर्टेक्सवरचं पोटेन्शियल १००० आकड्यांचं, त्यातला स्थिरांक ग्रेडियंट घेताना जातो, उरले ९९९. दुसऱ्या पोटेन्शियलचेही ९९९. एकूण १९९८. म्हणजे ३९९२ पैकी १९९४ मिती अशा आहेत ज्यांना तुमच्या दोन्ही पोटेन्शियलपैकी कोणी हातच लावू शकत नाही! निम्मी जागा. खरं हार्मोनिक शून्य मितीचं असायला हवं आणि तुमच्याकडे १९९४ मितींचं खोटं हार्मोनिक आहे. मेश बारीक केली की मिती उलट वाढतात. फील्ड गुळगुळीत असेल तर त्यातला फार थोडा भाग तिथे पडतो म्हणून उरलेलं घटताना दिसतं, पण जरा गोंगाट असलेलं फील्ड दिलं की त्या गोंगाटाचा साधारण निम्मा भाग तिथेच जाऊन बसतो.

उपाय असा की दोनपैकी एक पोटेन्शियल व्हर्टेक्सवर ठेवायचं आणि दुसरं एजच्या मध्यबिंदूवर. मध्यबिंदूवाल्यांना क्रूझे-राव्हिआर फंक्शन म्हणतात, त्रिकोणाच्या आत सरळ रेषेत बदलतात, शेजारच्या त्रिकोणाशी फक्त एजच्या मध्यावर जुळतात. आता मोजा: ९९९ अधिक २९९३, बरोबर ३९९२. एकही मिती उरली नाही. जीनस शून्य नसेल तर जीनसच्या दुप्पट मिती उरतात, तितकंच खरं हार्मोनिक असतं. पोल्थियर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्रिकोणी पृष्ठभागांवरच्या फोडीचा पाया घातला आणि वॉर्डेट्झ्कीने ही जोडी का जुळते ते नीट सिद्ध केलं.

कोटँजंट

मोजणीने मिती जुळल्या, पण काटकोन का राहतो तेही सांगायला हवं, नाहीतर तो योगायोग वाटेल. व्हर्टेक्सच्या पोटेन्शियलचा ग्रेडियंट घ्या, एजच्या दोन्ही बाजूच्या त्रिकोणांत एजच्या दिशेचा त्याचा घटक सारखाच असतो, कारण एजच्या दोन टोकांवरच्या किमती दोघांनाही सारख्याच आहेत. आता मध्यबिंदूवाल्या फंक्शनचा फिरवलेला ग्रेडियंट. त्याच्याशी गुणाकार करून क्षेत्रफळावर बेरीज केली की प्रत्येक एजवर नेमकी त्या दोन घटकांची वजाबाकी उरते, आणि ती शून्य. त्रिकोणाचा आकार या हिशोबात कुठेच आला नाही. सळईसारखा त्रिकोण असला तरी काटकोन तसाच. जाळीदार यांचं मेशबद्दलचं म्हणणं इथे अक्षरशः खरं ठरतं.

कोडमध्ये हे लिहायला जड नाही. मध्यबिंदूवाल्या बेसिस फंक्शनचा ग्रेडियंट म्हणजे समोरच्या व्हर्टेक्सच्या नेहमीच्या बेसिसच्या ग्रेडियंटच्या उणे दुप्पट. ग्रेडियंटचा मॅट्रिक्स, त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचा मॅट्रिक्स, परत ग्रेडियंटचा ट्रान्सपोज असा गुणाकार केला की लाप्लासियन (पोटेन्शियल सोडवायला लागणारा मॅट्रिक्स) मिळतो आणि असा बांधलेला लाप्लासियन कधीच ऋण होत नाही. एक किंमत पिन करा, चोलेस्की (धन मॅट्रिक्सची समीकरणं सोडवायची रीत) लावा, झालं.

एजवाला

मी याच्याकडे वेगळ्या बाजूने बघतो. त्रिकोणावर व्हेक्टर ठेवताच कशाला? एजवर एक आकडा ठेवा, फील्ड त्या एजवरून चालत गेलं तर किती भरतं तो, म्हणजेच डिस्क्रीट १-फॉर्म. हिरानीचा २००३ चा कॅलटेकचा प्रबंध आणि डेब्रनच्या गटाचं काम याच वाटेचं. गंमत अशी की कर्ल आणि ग्रेडियंट दोन्ही नुसत्या अधिक-उणे एकच्या मॅट्रिक्सने होतात, त्यात लांबी नाही कोन नाही. व्हर्टेक्सकडून एजकडे नेणारा डी-शून्य, एजकडून त्रिकोणाकडे नेणारा डी-एक, दोघांचा गुणाकार पूर्णांकांत शून्य, राउंडिंगची चूक शिरायला जागाच नाही. भूमिती सगळी हॉज स्टारमध्ये (एजवरच्या आकड्यांना वजन देणाऱ्या मॅट्रिक्समध्ये), तोही मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णावरचे कोटँजंट आकडे, पिंकल आणि पोल्थियर यांच्या १९९३ च्या पेपरपासून सगळ्यांच्या ओळखीचे. आणि मोजणी इथेही चोख: त्याच १००० व्हर्टेक्सच्या मेशवर २९९४ एजेस, ९९९ ग्रेडियंटचे, १९९५ कर्लचे, बेरीज २९९४.

शेडर_शिकाऊ

हे छान वाटतंय. मग माझं त्रिकोणावरचं फील्ड एजवर कसं न्यायचं? दोन्ही बाजूच्या व्हेक्टरचा एजच्या दिशेचा घटक काढून सरासरी घेऊन लांबीने गुणलं तर चालेल का?

जाळीदार

चालेल, सगळे तेच करतात, पण काय गमावताय ते माहीत असू द्या. ३९९२ आकड्यांचं फील्ड २९९४ मध्ये बसवताय, बरोबर पाव भाग माहिती गेली आणि ती परत येणार नाही. दिशा गुळगुळीत असतील तर गेलेला भाग बहुतेक एजवर होणाऱ्या उड्यांचा असतो, गेला तर बरंच. पण फील्ड फोडून, बदलून, पुन्हा त्रिकोणांवर जसंच्या तसं जोडायचं असेल तर मी त्रिकोणांवरच थांबेन. फील्ड जिथे मुळात मोजलंय किंवा काढलंय तिथेच फोडावं, हा माझा नियम.

कोटँजंट

एजवाला यांच्या पद्धतीत एक खड्डा आहे, त्यात भलेभले अडकतात म्हणून सविस्तर लिहितो.

चौकोनी ग्रिड घ्या, प्रत्येक चौकोनात कर्ण टाकून दोन त्रिकोण करा. यापेक्षा शहाणी मेश असू शकत नाही. आता कर्णाचं कोटँजंट वजन काढा. समोरचे दोन्ही कोन ९० अंशाचे, कोटँजंट शून्य अधिक शून्य. वजन शून्य! ग्रेडियंटचा सॉल्व्ह यावर निवांत चालतो कारण तिथे वजनं सरळ वापरली जातात. पण कर्लच्या भागासाठी हॉज स्टारचा व्यस्त लागतो, म्हणजे एक भागिले शून्य. सगळ्या कर्णांवर. म्हणजे अनियमित मेश सोडाच, सर्वांत नियमित मेशवर ही पद्धत कोसळते.

आणि समोरच्या दोन कोनांची बेरीज १८० च्या वर गेली की वजन ऋण होतं. ग्रेडियंटच्या लाप्लासियनला तरीही काही होत नाही, कारण एकेकटं वजन ऋण असलं तरी एकूण बेरीज ही डिरिक्ले ऊर्जाच (ग्रेडियंटच्या वर्गाची बेरीज) असते, ती ऋण होऊ शकत नाही. फक्त मॅक्सिमम प्रिन्सिपलची खात्री जाते, पोटेन्शियलला नको तिथे टेकाड येऊ शकतं. पण कर्लच्या बाजूला मॅट्रिक्सच्या चिन्हाची काहीच हमी नाही, चोलेस्की 'पॉझिटिव्ह डेफिनिट नाही' म्हणून परत पाठवतो आणि लोक मग दिवसभर सॉल्व्हरच्या सेटिंगशी झटापट करत बसतात. तिथे चूक सॉल्व्हरची नसते.

तिरपी_कड

डेलॉने फ्लिप (दोन त्रिकोणांमधली एज काढून दुसरा कर्ण टाकणं) करून सुटत नाही का हे? बोबेन्को आणि स्प्रिंगबॉर्न यांनी २००७ मध्ये इन्ट्रिन्सिक डेलॉने दाखवलंच आहे, पृष्ठभागाचा आकार न बदलता फक्त एजेस पृष्ठभागावरून वेगळ्या ओढायच्या, मग सगळी वजनं शून्य किंवा धन.

कोटँजंट

ऋण जातील, शून्य राहतील. चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतात, कर्ण हा टाका नाहीतर तो, वजन शून्यच. ती मेश आधीच डेलॉने आहे, फ्लिप करायला काही शिल्लकच नाही. शिवाय फ्लिप केल्यावर नव्या एजवर कुठला आकडा लिहायचा? फील्डला त्या दोन त्रिकोणांत कर्ल नसेल तर उत्तर एकच येतं, वाट कुठलीही धरा. कर्ल असेल तर आतल्या व्हेक्टरचा अंदाज बांधून तो नव्या एजवर बेरजेत घ्यावा लागतो आणि प्रत्येक फ्लिपला मूळ फील्ड थोडं पुसलं जातं. कर्ल शोधायलाच बसलो असताना हे मला पटत नाही. पोटेन्शियल सोडवण्यासाठी इन्ट्रिन्सिक डेलॉने उत्तमच, त्याबद्दल वाद नाही.

एजवाला

मान्य आहे हे. मी काय करतो ते सांगतो, यात हॉज स्टारचा व्यस्त कुठेच लागत नाही.

आधी ग्रेडियंटचा भाग काढायचा, तो सॉल्व्ह नेहमी सुरक्षित. मग हार्मोनिक. बंद मेशवर हार्मोनिकची जागा फक्त जीनसच्या दुप्पट मितींची, तिचा बेसिस एकदाच बांधून ठेवता येतो. व्हर्टेक्सवर एक स्पॅनिंग ट्री (सगळ्या व्हर्टेक्सना जोडणाऱ्या, पण कुठेही फेरा न करणाऱ्या एजेस) घ्या, त्या एजेस न ओलांडता त्रिकोणांवर दुसरा ट्री घ्या, दोन्हींत न आलेल्या एजेस बरोबर जीनसच्या दुप्पट निघतात. अशा प्रत्येक एजमुळे त्रिकोणांची एक बंद साखळी तयार होते. त्या साखळीने ओलांडलेल्या एजेसवर दिशेप्रमाणे अधिक-उणे एक लिहा, बाकी सगळीकडे शून्य. कर्ल नसलेला फॉर्म तयार. त्यातून ग्रेडियंटचा भाग त्याच लाप्लासियनने वजा केला की हार्मोनिक बेसिस. चोलेस्कीचं फॅक्टरायझेशन एकदाच केलेलं असतं, तेच पुन्हा पुन्हा वापरायचं. मग मूळ फील्डचा या बेसिसवर प्रोजेक्शन घ्यायचा आणि उरेल तो कर्लचा भाग. सोडवायची गरजच नाही.

वजनं ऋण असली तरी इथे धोका नाही, कारण कर्ल नसलेल्या फॉर्मवर कोटँजंट वजनांचा गुणाकार हा खऱ्या डिरिक्ले ऊर्जेइतकाच येतो. म्हणून प्रोजेक्शनचा छोटा मॅट्रिक्स नेहमी धन. आणि शेडर_शिकाऊ यांच्या डोक्याच्या मॉडेलला तर जीनस शून्य असल्याने एकच सॉल्व्ह पुरे, ग्रेडियंट काढा, उरलेलं सगळं कर्लचं.

कोटँजंट

ही पद्धत मलाही पटते. पण भोवऱ्याचं पोटेन्शियल स्वतः हवं असेल, म्हणजे स्ट्रीम फंक्शन, तर ते यातून थेट मिळत नाही. तेव्हा फक्त मुख्य कर्णावर आकडे असलेला हॉज स्टार सोडून व्हिटनी फंक्शनचा (एजवरच्या आकड्यांतून त्रिकोणाच्या आत फील्ड भरणाऱ्या फंक्शनचा) पूर्ण मास मॅट्रिक्स घ्यायचा, तो कुठल्याही मेशवर धनच असतो, आणि त्याचा व्यस्त न काढता सॅडल पॉइंट सिस्टीम (फील्ड आणि पोटेन्शियल दोन्ही एकत्र सोडवणारी समीकरणं) सोडवायची. सिस्टीम मोठी होते पण विरळ राहते.

तिरपी_कड

स्ट्रीम फंक्शन का हवं असतं याबद्दल लिहा की कोणी. फोड झाली, पुढे काय?

जाळीदार

माझ्यासाठी तर सगळा रस तिथेच आहे. फील्डमध्ये उगम, शोष आणि भोवरे नेमके कुठे आहेत हे शोधायचं तर थेट शून्य व्हेक्टर शोधणं फार नाजूक काम. त्रिकोणावर एकच व्हेक्टर असला तर शून्य जागा सापडतच नाही, ती कुठल्यातरी व्हर्टेक्सभोवती लपलेली असते, आणि थोड्या गोंगाटाने शेकडो खोट्या जागा उगवतात. उलट पोटेन्शियल ही साधी टेकड्या-दऱ्यांची गोष्ट. ग्रेडियंटवाल्या पोटेन्शियलचं शिखर किंवा तळ म्हणजे त्या भागाचा शोष किंवा उगम, स्ट्रीम फंक्शनचं शिखर किंवा तळ म्हणजे भोवऱ्याचं केंद्र. टोंग, लोम्बेडा, हिरानी आणि डेब्रन यांनी २००३ मध्ये हेच दाखवलं, आणि पुढे जाऊन पोटेन्शियलवरच वेगवेगळ्या पातळीचं स्मूदिंग केलं. फील्ड थेट गुळगुळीत केलं तर भोवरे आणि उगम एकमेकांत कालवले जातात, पोटेन्शियल वेगळी करून गुळगुळीत केली तर बारीक भोवरे जातात, मोठे जागेवर राहतात आणि उगमांना धक्का लागत नाही.

आपल्या केसांच्या मॉडेलला याचा थेट उपयोग. डोक्यावर जसा भोवरा असतोच तसा बंद गोलासारख्या पृष्ठभागावर दिशांचा कुठेतरी भोवरा किंवा उगम असणारच, पॉइन्कारे-हॉप्फ प्रमेयाप्रमाणे सगळ्या निर्देशांकांची (शून्य जागेभोवती दिशा किती वेढे फिरते त्या आकड्यांची) बेरीज २ यायलाच हवी. टाळता येत नाही, कुठे ठेवायचा एवढंच आपल्या हातात. तर स्ट्रीम फंक्शनचं टोक मानेच्या मागे किंवा कानामागे नेऊन ठेवा. आणि ही बेरीज २ येते का हे प्रत्येक बदलानंतर तपासा, नाही आली तर कुठेतरी फील्ड तुटलंय.

शेडर_शिकाऊ

एजच्या मध्यबिंदूवर दुसरं पोटेन्शियल ठेवून चालवतोय. आता पुढचा प्रश्न: दुसरं मॉडेल उघडं आहे, मानेशी कापलेलं, आणि स्कॅनमध्ये दोनचार त्रिकोणांची छोटी भोकंही राहिलीत. तिथे काय करायचं?

कोटँजंट

उघड्या मेशवर नुसतं 'फोड' म्हणणं अपुरं आहे, सीमेवर काय अट लावली ते सांगितल्याशिवाय उत्तर एक नसतं. सपाट चकती घ्या, तिच्यावर सगळीकडे एकाच दिशेने जाणारं फील्ड. ते एका पोटेन्शियलचा ग्रेडियंट आहे आणि दुसऱ्या पोटेन्शियलचा फिरवलेला ग्रेडियंटही आहे. कुठल्या खात्यात टाकणार? सीमेवर कर्लवाल्या पोटेन्शियलला शून्य केलं तर ते ग्रेडियंटमध्ये जातं, ग्रेडियंटवाल्याला शून्य केलं तर कर्लमध्ये, दोघांनाही शून्य केलं तर कुठेच नाही.

आता चकतीच्या मधोमध भोक पाडा. केंद्रापासून बाहेर जाणारं, अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होणारं फील्ड, आणि तेच ९० अंशात वळवून गोल फिरणारं. दोघांनाही डायव्हर्जन्स नाही, कर्लही नाही. ग्रेडियंटचं पोटेन्शियल सीमेवर मोकळं सोडलं तर पहिलं ग्रेडियंट ठरतं, अंतराच्या लॉगरिदमचा, आणि दुसरं हार्मोनिक म्हणून उरतं. जीनसची दुप्पट अधिक सीमांची संख्या उणे एक, एवढ्या मिती. म्हणजे तुमचं प्रत्येक छोटं स्कॅनचं भोक हार्मोनिकची एक नवी मिती जोडतं! मानेची सीमा खरी आहे, ती ठेवा. स्कॅनची भोकं फोडीच्या आधी भरून टाका, भरताना त्रिकोण सुबक नसले तरी चालेल. सीमेच्या अटी नीट वेगळ्या करून त्रिकोणांवरच्या फील्डची फोड पोल्के आणि पोल्थियर यांनी २०१६ मध्ये मांडली आहे, उघड्या मेशवर काम करणाऱ्याने ती बघावीच.

जाळीदार

भोकं भरताना एक बघा, एकावर एक दोन व्हर्टेक्स, क्षेत्रफळ शून्य असलेले त्रिकोण, एका एजला तीन त्रिकोण, हे आधी साफ करा. त्रिकोण वाकडे चालतात, शून्य क्षेत्रफळाचे नाही, तिथे ग्रेडियंटच अस्तित्वात नसतो.

तिरपी_कड

आणि टेट्राहेड्रॉनच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घन तुकड्यांच्या) मेशवर? तिथेही हीच मोजणी चालते का? माझ्या धुराच्या सिम्युलेशनमध्ये कर्लवाला सॉल्व्ह अडकतो, मॅट्रिक्स सिंग्युलर सांगतो, आणि एक किंमत पिन करूनही सुटत नाही.

एजवाला

मोजणी तशीच चालते, पण त्रिमितीत कर्लचं पोटेन्शियल स्वतःच व्हेक्टर असतं, एजवर ठेवलेलं. त्यात कुठलाही ग्रेडियंट मिसळला तरी कर्ल बदलत नाही, म्हणजे तुमच्या मॅट्रिक्सच्या नल स्पेसमध्ये (मॅट्रिक्स ज्याचं शून्य करतो त्या जागेत) स्थिरांक एकटा नाही, जवळजवळ व्हर्टेक्सइतक्या मिती आहेत. एक किंमत पिन करून काय होणार. दोन मार्ग आहेत: व्हर्टेक्सचा एक स्पॅनिंग ट्री घेऊन त्या सगळ्या एजेसवर पोटेन्शियल शून्य पिन करा, मग थेट सॉल्व्हर चालतो, पण ट्री कसा निवडला त्यावर मॅट्रिक्सची तब्येत अवलंबून राहते. नाहीतर पिन काहीच करू नका आणि कॉन्जुगेट ग्रेडियंट (टप्प्याटप्प्याने उत्तराकडे जाणारा सॉल्व्हर) लावा, उजवी बाजू सुसंगत असेल तर नल स्पेस त्याला आड येत नाही, आणि आपल्याला पोटेन्शियलचा कर्लच हवा असतो, तो एकच येतो. उजवी बाजू डी मॅट्रिक्सच्या ट्रान्सपोजनेच बांधा, हाताने मोजलेला कर्ल भरू नका, म्हणजे सुसंगती आपोआप राहते. धुराच्या पेटीला सीमा आहेच, तर भिंतीवर फील्ड भिंतीला समांतर हवं की लंब ते आधी ठरवा. एजवरच्या आणि फेसवरच्या दोन्ही फील्डसाठी त्या अटी झाओ, डेब्रन, वेई आणि टोंग यांच्या २०१९ च्या पेपरमध्ये आहेत. तुमचं फील्ड फेसमधून जाणारा फ्लक्स म्हणून साठवलंय की एजवर, ते लिहा, मॅट्रिक्स त्याप्रमाणे सांगतो.